दुसऱ्या मजल्यावरची सायकल

माझी शरदिनीमावशी बनारसच्या एका मुलींच्या इंटर कॉलेजात खेळाची शिक्षिका होती. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशी ती सकाळी मंगला गौरीच्या गल्लीतून निघाली की माणसं बाजूला होत आणि वाट अडवून बसलेला सांडही जरा विचार करून उठे. गल्लीतल्या सगळ्यांची ती 'खेलवाली बहिनजी' होती. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे आया झाल्या, त्यांच्या मुलीही तिच्याच हाताखाली आल्या, आणि दोन्ही पिढ्यांना तिच्यासमोर पोक काढून उभं राहायची हिंमत झाली नाही.

तिचे यजमान ढुंढिराजकाका विद्यापीठात न्यायशास्त्र, म्हणजे संस्कृतातलं तर्कशास्त्र, शिकवायचे. काका घरात असले तरी पुस्तकातच असत. गॅसचं सिलिंडर दोन जिने वर चढवणं, मीटरवाल्याशी भांडणं, भाजी आणणं, माकडांना छतावरून हाकलणं, हे सगळं मावशीचं खातं. काकांना भाजीबाजार कुठल्या बाजूला भरतो हे ऐकून माहीत होतं. दोघांचं छान चाललं होतं. बोलणं फारसं नसे, पण भांडणही नसे. मुलगी मृणालिनी लग्न होऊन लखनौला बँकेत नोकरीला होती. मी पद्मा, मावशीची भाची, पलीकडच्याच गल्लीत राहते, म्हणून माझं जाणं-येणं रोजचं.

मावशी निवृत्त झाली त्यानंतर काही वर्षांनी, फेब्रुवारीत, चौखंब्याच्या बाजारात मटार निवडता निवडता तिच्या छातीत दाबल्यासारखं झालं. तिला वाटलं, पित्त असेल. तशीच पिशवी उचलून ती घरी आली, दोन्ही जिने चढली, मटार परातीत ओतले आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. काका पुस्तक टाकून अनवाणी धावत माझ्याकडे आले. त्यांना धावताना गल्लीने त्या दिवशी प्रथमच पाहिलं. ॲम्ब्युलन्स आमच्या गल्ल्यांत शिरत नाही. शेजारच्या पोरांनी मावशीला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. वाटेत ती त्यांना सांगत होती, "मागचा हात वर घे. पाऊल मिळवून चाला."

हृदयाच्या एका नसेत अडथळा होता. तिथे स्प्रिंग घातली. काही दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नुसतं पडून राहायचं नाही. सपाट जागेवर रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. जिने सध्या बेताने."

आता आमच्या पक्क्या महालात, म्हणजे बनारसच्या या जुन्या वस्तीत, सपाट जागा आणायची कुठून? घरातून गल्लीत यायला दोन जिने. गल्लीत दर वळणावर पायऱ्या, शेण, आणि हॉर्न वाजवत अंगावर येणाऱ्या मोटरसायकली. मणिकर्णिकेकडे निघालेली प्रेतयात्रा आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. घाट सपाट आहेत खरे, पण पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या उतरून जायचं आणि पुन्हा चढून यायचं.

मृणालिनीने फोनवरच निकाल दिला. "आई, ट्रेडमिल घेऊन टाकू. मी इथूनच बुक करते. तू बस हाँ बोल."

मावशीने हाँ म्हटलं नाही. मग घरात शास्त्रार्थ सुरू झाला. काका आरामखुर्चीत सरसावून बसले आणि शिकवताना करीत तसं त्यांनी एक बोट वर केलं.

"पूर्वपक्ष असा. यंत्र घरात राहील. ऊन, लूचा गरम वारा, थंडीतलं धुकं, कशाचीच बाधा नाही. धरायला दांडी आहे. वेग आपल्या हातात आहे. आणि मी शेजारच्या खोलीत आहे."

"तुम्ही शेजारच्या खोलीत असून काय उपयोग? हाक मारली तर पान संपवून येता."

"तो वेगळा मुद्दा."

"वेगळा कसा? बरं, ते धूड जिन्यातून वर येणार कसं? जिना मध्ये वळतो. मृणालिनीचं कपाटसुद्धा खोलून आणावं लागलं होतं. आपली जमीन दगडी पट्ट्यांची, खाली प्रेमलाबाई झोपलेल्या असतात. मी वर दाणदाण चालायला लागले की त्यांच्या डोळ्यांत चुना पडेल. आणि चालता चालता बिजली गेली तर? छतावर ठेवायचं म्हटलं तर आधी माकडं चालून बघतील."

काकांनी बोट खाली घेतलं. "हे आक्षेप ग्राह्य आहेत," ते म्हणाले.

"शिवाय जागच्या जागी चालून पोचायचं कुठे?"

"हा मात्र ग्राह्य नाही. तू मुलींना आयुष्यभर कदमताल करायला लावलंस. त्या कुठे पोचत होत्या?"

मावशीने तरी होकार दिला नाही. असे दिवस जात राहिले. मृणालिनी फोनवर एकेक यंत्र सुचवी, काका त्याची बाजू मांडत, मावशी ती पाडे. या वादात एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली. मावशी चालतच नव्हती. यंत्रावर नाही, छतावर नाही, खोलीतल्या खोलीतही नाही. जी बाई बसून चहासुद्धा पीत नसे ती आता खिडकीजवळच्या खुर्चीतून उठेना. आणि तिच्या उजव्या हाताची बोटं सदोदित डाव्या मनगटावर असत. मी आत आले की ती पटकन हात पदराखाली घेई.

एप्रिलमध्ये मृणालिनी दोन दिवसांसाठी येणार होती, तिला कामामुळे येता आलं नाही. तिने मला फोनवर सांगितलं, "पद्माताई, तू ह्या दोघांना दुकानात ने यार. एकदा चढून तर बघू दे." मग आम्ही बॅटरीच्या रिक्षात बसून सिग्र्याच्या बाजारात गेलो.

दुकान थंडगार होतं. भिंतींना आरसे, सगळीकडे लोखंडी वजनं. तिथला विक्रेता तरुण आणि नम्र होता. "माताजी, आराम से चढ़िए. एकदम धीरे चलाऊँगा," म्हणत त्याने मावशीला पट्ट्यावर उभं केलं. मावशीने साडी खोचली, दांडी धरली. पट्टा सरकायला लागला. आधी ती चालली तीसुद्धा ताठ मानेने, शाळेच्या मैदानात शिरल्यासारखी. काका माझ्याकडे पाहून हसले.

दांडीला हात लावला की समोरच्या पडद्यावर नाडीचा आकडा दिसे आणि त्याच्या शेजारी एक लाल हृदय उघडझाप करी. मावशीची नजर तिथे गेली. आकडा वाढत होता. तो वाढायचाच, माणूस चालायला लागलं की. पण मावशीचा चेहरा उतरला.

"बंद करो."

"माताजी, अभी तो शुरू हुआ है..."

"बंद करो!"

तो मैदानावरचा आवाज होता. दुकानातले सगळे जागच्या जागी थिजले. विक्रेत्याने घाईने पट्टा थांबवला. मावशी उतरली आणि डंबेल्सच्या मधोमध ठेवलेल्या एका बाकड्यावर बसली, तळहात छातीवर दाबून.

मी धावले. "मावशी, दुखतंय का?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"धडधडतंय." तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. "पद्मे, ते असं धडधडायला लागलं ना, की वाटतं, आलं परत. उठून संडासला गेले तरी वाटतं. म्हणून मी उठतच नाही."

काका मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. चारचौघांत बायकोच्या शेजारी बसणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. ते त्या बाकड्यावर तिच्याजवळ बसले.

"मला वाटत होतं, तुला यंत्र पसंत नाही," ते म्हणाले.

"यंत्राचं काय घेऊन बसलात. मला माझीच भीती वाटते."

काका समोरच्या आरशात बघत म्हणाले, "मीही तुला छतावर चल म्हणालो नाही. घाटावर चल म्हणालो नाही. मला वाटायचं, यंत्र आलं की सुटलो. बाहेर तुला काही झालं तर मी काय करणार? मला धावतासुद्धा येत नाही."

मावशीने नाक पुसलं. "त्या दिवशी धावलात की. पद्मा सांगत होती."

विक्रेत्याने पाण्याचे पेले आणून दिले आणि विक्रीचं एक अक्षरही न बोलता तो बाजूला जाऊन उभा राहिला. त्याचं मला फार बरं वाटलं.

तिथून आम्ही घरी न जाता थेट डॉक्टरांकडे गेलो. संध्याकाळच्या गर्दीतही त्यांनी आम्हाला मध्येच आत घेतलं. मावशीने काही सांगितलं नाही. काकांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता, तिचीही भीती आणि स्वतःचीही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे पहिल्याच भेटीत सांगायचं होतंत. झटका येऊन गेलेल्या कितीतरी लोकांना ही भीती बसते, आणि मग ते हलत नाहीत. आपण असं करू. तुमच्या हृदयाला किती झेपतं ते तुमच्यासमोरच पाहू. अशाच पट्ट्यावर, पण अंगाला तारा लावून, मी शेजारी उभा राहून."

ही तपासणी आधीही सुचवलेली होती आणि मावशीने दोनदा पुढे ढकलली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. या वेळी ती गेली. काकांना दाराशी उभं राहू दिलं होतं. मी बाहेर बाकावर. आत पट्ट्याची घरघर वाढत गेली, चढ वाढला, मावशीच्या बुटांचा आवाज जलद झाला. तिने थांबवा म्हटलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच थांबवलं. ती बाहेर आली ती घामाने निथळत, आणि तिने माझ्याकडे पाणी मागितलं. दोन घोट घेऊन म्हणाली, "पद्मे, धडधडलं. खूप धडधडलं. आणि मग आपलं आपण शांत झालं."

डॉक्टरांनी घरच्यासाठी एकच नियम दिला. "यंत्रावरच्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या गोळ्यांनी नाडी तशीही मंद राहते. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, एवढं बघा. गाणं म्हणता येणार नाही इतकं दमा, पण वाक्य पुरं झालं पाहिजे. छातीत दाब आला, चक्कर आली, वाक्य तुटायला लागलं, की थांबायचं आणि मला फोन करायचा."

"आणि यंत्र कुठलं घ्यावं?" काकांनी विचारलं.

"जे या रोज वापरतील ते."

त्यानंतर जो वाद झाला तो खरा वाद. काका आता मनापासून पट्ट्याच्या बाजूने होते, कारण तपासणीत मावशी त्यावर चाललेली त्यांनी पाहिली होती. मावशीचं मन एका जागी उभ्या राहणाऱ्या सायकलवर आलं होतं.

"पट्टा मला चालवतो," ती म्हणाली. "सायकल मी चालवीन. मी थांबले की ती थांबते. तिला बिजली लागत नाही. आणि प्रेमलाबाईंची झोप मोडत नाही."

"पण चालण्याने सगळ्या शरीराला व्यायाम होतो. सायकलवर नुसते पाय. बसून बसून कंबर धरेल. तुझी साडी अडकेल."

"साडी नेसणार नाही. सलवार घालीन."

काकांची नजर त्यांच्या आईच्या तसबिरीकडे गेली की काय, मला तसं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "मग संध्याकाळी छतावर माझ्याबरोबर चालायचंही. नुसत्या सायकलवर भागवायचं नाही."

"तुमच्याबरोबर?"

"हो. माझ्याबरोबर."

सायकल आली. एका हमालाने ती डोक्यावर घेऊन गल्लीतून आणली आणि जिन्याच्या वळणावर जराशी तिरकी करून वर चढवली. खिडकीपाशी तिला जागा दिली. दोन घरांच्या मधल्या फटीतून तिथून गंगेचा एक तुकडा दिसतो.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. मावशी गुलाबी सलवार-कमीज घालून सायकलवर बसली होती आणि काका समोर स्टुलावर, परीक्षा घेतल्यासारखे.

"बोल," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. वाक्य पुरं होतंय का ते पाहायचंय."

मावशीने आधी जुन्या विद्यार्थिनींची नावं घेतली. मग भाज्यांची. मग म्हणाली, "हे काही खरं नाही. तुम्ही काहीतरी विचारा, म्हणजे मी उत्तर देईन."

काकांना प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याला कोंडीत पकडणं एवढंच ठाऊक होतं. पहिले काही दिवस ते "टाकी भरली का?" आणि "आज पेपर का आला नाही?" असलंच विचारत. मग प्रश्न संपले आणि नाइलाजाने खरे प्रश्न आले. लहानपणी तू काय खेळायचीस? पोहायला कुणी शिकवलं? मावशीने सांगितलं, भोसले घाटावरून ती भावांच्या मागे पाण्यात उडी घ्यायची. एकदा पोहत थेट पलीकडच्या वाळूत जाऊन पोचली आणि परत यायची ताकद राहिली नाही, तेव्हा एका नाववाल्याने खरबुजांच्या ढिगावर बसवून तिला आणलं. काका ऐकत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती.

असंच एकदा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेरून पायडलची लय ऐकू येत होती. काकांनी विचारलं, "तुला खेळच का शिकवावासा वाटला?"

"शिकवायचाच होता असं नाही. मला कबड्डीची कोच व्हायचं होतं. आपलं लग्न ठरलं त्या वर्षी पतियाळाला शिकायला जायचं माझं ठरलं होतं. वर्षभर राहायचं होतं तिथे."

"मग?"

"सासूबाई म्हणाल्या, लग्नानंतर बघू. लग्नानंतर कुणी बघितलं नाही."

पायडल चालूच होतं. काकांचा आवाज आला, "मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगायला आले असते तर तुम्ही पुस्तकातून मान वर केली असती का?"

चहा उकळून वर आला, तरी मी गॅस बारीक करायची विसरले.

"नसती केली," काका म्हणाले.

पायडल थांबलं. काका घाबरून उठल्याचा आवाज आला. "काय झालं? दाब वाटतोय? पद्मा!"

मी धावत बाहेर आले. मावशी दांडीवर हात ठेवून स्वस्थ बसली होती. "काही झालं नाही," ती म्हणाली. "हे खरं बोलले, म्हणून मी थांबले."

त्या संध्याकाळी काका पिशवी घेऊन एकटेच बाजारात गेले. चांगल्या शेवग्याच्या शेंगा म्हणून जून, दोरखंडासारख्या शेंगा घेऊन आले. मावशीने त्या निमूट आमटीत टाकल्या. दोघं कितीतरी वेळ चघळत बसली होती, असं प्रेमलाबाईंनी मला सांगितलं.

ऑगस्टमध्ये गंगा चढली. घाट बुडाले, मग पाणी खालच्या गल्ल्यांत शिरलं, गल्लीच्या तोंडाशी नावा लागल्या. वीज तोडलेली. प्रेमलाबाई आपलं बिऱ्हाड घेऊन वर मावशीकडे राहायला आल्या. छतावर पाऊस, जिना ओला. मावशीची सायकल मात्र अंधारात आणि दमटपणातही चालू होती. मृणालिनीने फोनवर कबूल केलं, "चलो, ट्रेडमिल नाही घेतली ते बरंच झालं."

अडकून पडल्यावर काका कासावीस झाले. त्यांचं संध्याकाळचं छतावरचं चालणं बंद झालं होतं. एकदा ते सायकलकडे बघत उभे असलेले मावशीने पाहिले.

"चढा," ती म्हणाली.

"मला सायकल येत नाही. लहानपणीही शिकलो नाही."

"ही पडत नाही. धोतर खोचा आणि चढा."

काका चढले. वादळातल्या नावेत बसल्यासारखी त्यांनी दांडी घट्ट धरली. प्रेमलाबाईंनी हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं.

"पाठ सरळ. नजर समोर. कोपर आत," मावशी म्हणाली. "आता बोला."

"काय बोलू?"

"तुमचं न्यायशास्त्र सांगा मला. इतकी वर्षं लोकांच्या पोरांना शिकवलंत."

काकांनी अनुमानाची व्याख्या सुरू केली. न्यायातली वाक्यं मुळातच लांबलचक. व्याख्या निम्म्यावर आली तोच त्यांना धाप लागली.

"थांबा," मावशी म्हणाली. "वाक्य तुटलं. लहान वाक्यं करा, नाहीतर हळू चालवा."

काकांनी वाक्यं लहान केली. तेव्हापासून दोघंही त्या सायकलवर बसतात, एकजण चालवतो आणि दुसरा प्रश्न विचारतो. पाणी ओसरलं, गाळ निघाला, प्रेमलाबाई खाली गेल्या. कार्तिकात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघं पायरीपायरीवर टेकत पंचगंगेवर उतरली आणि बांबूंवर टांगलेले आकाशदिवे पाहून आली. वर येताना काकाच जास्त वेळा टेकले.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मावशीच्या गोळ्या चालू आहेत. मधूनमधून तिला अजून भीती वाटते, आणि वाटली की ती ते बोलून दाखवते. परवा मी गेले तर दारातच भांडण ऐकू आलं. काकांचे पाय लांब, मावशीचे आखूड, म्हणून सीट सारखी वरखाली करावी लागते, आणि काका आपलं झालं की ती खाली करायला विसरतात.

"पुन्हा सीट वर!" मावशी ओरडत होती. "माझे पाय काय रात्रीत वाढतात?"

"करतो खाली," आतून काका म्हणाले. "एवढं पान संपवून येतो."

"पान राहू द्या. आधी या."

आणि काका पुस्तक उघडंच पालथं ठेवून आले.